जर्मनीत नवीन आलात? आधी कुरकुर करायला शिका

दर सप्टेंबर-ऑक्टोबरला इथे मराठी लोकांची नवी बॅच येते आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न असतो, ताई, जर्मनची बी१ परीक्षा पास झालोय पण ऑफिसमधे जेवताना तोंडातून शब्द फुटत नाही, काय करू. मला श्टुटगार्टला अकरा वर्षं झाली, मी पण पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनला रट्टा मारूनच आले होते, त्यामुळे सगळं एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, क्लासमधे शिकवलेले विषय विसरा. पर्यावरण, सोशल मीडियाचे फायदे-तोटे, शहर चांगलं की खेडं, यावर परीक्षेबाहेर कुणीही कुणाशी बोलत नाही. लोक बोलतात ट्रेन किती लेट झाली, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनसमोर किती रांग होती, कालच्या टाटओर्ट या टीव्ही सिरीजमधे खुनी कोण हे कसं पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, यावर. आणि बोलतात म्हणजे तक्रार करतात. आमच्या श्वाबन भागात तर याला खास शब्द आहे, ब्रुडल्न, म्हणजे तोंडातल्या तोंडात कुरकुर करत राहणं. मी सुरुवातीला मोठ्या हौसेने सगळ्याचं कौतुक करायचे, तुमचे रस्ते किती छान, तुमची शिस्त किती छान, आणि समोरचा नुसतं हं म्हणून गप्प व्हायचा. कौतुकाला पुढे उत्तर काय देणार हो. ज्या दिवशी मी म्हटलं की आज गाडी पंचवीस मिनिटं लेट होती आणि प्लॅटफॉर्म पण बदलला, त्या दिवशी चार जण खुर्ची ओढून बसले.

यात पुणेकरांना जन्मजात ॲडव्हान्टेज आहे असं माझं मत आहे, मी सांगलीची असून मान्य करते. इथली एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की शिव्या घातल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं समजा. बॉस काहीच बोलला नाही तर घाबरू नका, काम चांगलं झालंय.

आता टाटओर्ट. शब्दाचा अर्थ गुन्ह्याची जागा, १९७० पासून चालू असलेली क्राइम सिरीज आहे, रविवारी रात्री सव्वाआठला, आठच्या बातम्या संपल्या की लगेच, साधारण दीड तास. प्रत्येक शहराचे वेगळे पोलिस असतात, आमच्या श्टुटगार्टची वेगळी जोडी, म्युन्स्टरची वेगळी, ती विनोदी असते म्हणून लोकांना जास्त आवडते. नवीन माणसाने म्युन्स्टरपासून सुरुवात करू नये, विनोद कळायला वर्षं जातात. लाइव्ह नाही समजलं तर नंतर चॅनलच्या मेडियाटेकवर, म्हणजे त्यांच्या साइटवर, सबटायटल लावून बघा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून. सोमवारी कॉफी मशीनपाशी एवढंच म्हणायचं, पूर्वीचे बरे असायचे. तुम्ही पूर्वीचा एकही बघितलेला नसला तरी चालतं, पुढचं सगळं समोरचा बोलतो. आणि सिरीज नाही आवडली तर टीव्हीच्या फीबद्दल बोला, घरटी महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो, यावर तर कुणीही अर्धा तास बोलू शकतो.

पण खरं बोलणं मला शिकवलं ते आमच्या जिन्याने. इथे एक प्रकार आहे, केरवोखं. म्हणजे अक्षरशः केराचा आठवडा, शब्दसुद्धा आपल्या केरासारखाच लागतो. बिल्डिंगमधला जिना, दारापुढचा फुटपाथ, तळघराचा पॅसेज, हे पाळीपाळीने झाडायचं आणि ज्याची पाळी त्याच्या दाराच्या हँडलला एक लाकडी पाटी येऊन लटकते. आम्ही राहायला आलो आणि दुसऱ्याच सोमवारी पाटी आमच्या दारावर. मी छान झाडून पुसून काढलं, पाटी शेजारच्या दारावर लटकवली आणि वर आले. पाच मिनिटांत बेल. खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात पाटी. मला घेऊन खाली गेल्या, वाकल्या, जिन्याच्या कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या डोळ्यासमोर धरलं. एक शब्द बोलल्या नाहीत. (माझी आजी देव्हाऱ्याच्या फळीवर अगदी हेच करायची.) मला रडू यायचं बाकी होतं, पण तोंडातून निघालं, पुसलं की! म्हणजे जर्मनमधे, दोख! तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, बघा, जर्मन येतंय की तुम्हाला.

हा दोख नीट समजून घ्या. इंग्रजीत शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि आपले लोक इथेच चुकतात, डोक्यात आधी इंग्रजी वाक्य करतात मग त्याचं जर्मन करतात. अहो, मराठीतून या ना सरळ! तू जेवला नाहीस? जेवलो की. हा "की" म्हणजे दोख. ये जरा, बघ जरा यातला "जरा" म्हणजे माल. आता काय, असतंच ते असं, या सुरात म्हणायचं तर हाल्ट. हे असले बारके शब्द घातले की समोरचा एकदम सैल होतो, व्याकरण चुकलं तरी माफ. आणि तो-ती-ते आपल्याला आहेच, डेर-डी-दास बघून घाबरायचं कारण नाही, फक्त जुळतील अशी आशा ठेवू नका. चमचा दोन्हीकडे तो, सुरी मात्र तिकडे ते आणि काटा तिकडे ती. चंद्र तोच राहतो पण सूर्याची ती होते. झू आणि दू, म्हणजे तुम्ही आणि तू... सॉरी, झी आणि दू, अजून बोटं चुकतात. मोठ्या माणसाने स्वतःहून दू म्हणा सांगेपर्यंत झीच, हे तर आपल्याला घरीच शिकवलेलं असतं.

बोलीचं टेन्शन घेऊ नका. या राज्याने स्वतःच जाहिरात केलेली, आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. कोल्हापूरवाल्यांना हा ॲटिट्यूड ओळखीचा वाटेल.

बाकी चटकन सांगते. एप्रिल ते २४ जून पांढऱ्या श्पार्गलचा, म्हणजे ॲस्परॅगसचा सीझन, आपल्याकडे आंब्यावर बोलतात तसं भाव आणि सोलायची पद्धत यावर बोलायचं. फुटबॉल कळत नसेल तरी शनिवारी साडेतीनला मॅचेस असतात एवढं माहीत ठेवा. इथल्या नव्या रेल्वे स्टेशनचं काम २०१० ला सुरू झालं, उघडायचं होतं २०१९ ला, तारीख पुढेच जातेय, टॅक्सीवाल्याला हा विषय काढून दिलात की घर येईपर्यंत ऐकण्याची प्रॅक्टिस फुकट. पगार किती आणि लग्न का नाही केलं हे मात्र विचारू नका, प्लीज. उलट तुम्हाला शाहरुखबद्दल विचारतील, विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या बायका, कारण २००४ च्या सुमारास इथल्या एका चॅनलवर कभी खुशी कभी गम जर्मनमधे डब होऊन लागला आणि मग त्याची लाटच आली. आमच्या अकाउंट्समधल्या एक बाई अजून त्यावर डोळे पुसतात. माझं जर्मन निम्मं त्यांच्यामुळे सुधारलं.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात, मी एकदा शुक्रवारीच रविवारचं उरकून टाकलं तर समोरच्या कलीगचं तोंड बघण्यासारखं झालेलं. आणि आपला वाढदिवस असेल तर केक आपणच न्यायचा. बेसनाचे लाडू पण चालतात, पटकन संपतात. आजींनाही देते मी. पहिल्यांदा डबा धुऊन पुसून रिकामा परत आला, मला उगीच वाईट वाटलं, मग एकदा जिन्यात सांगितलं की आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. तेव्हापासून काहीतरी असतंच. गेल्या वेळी त्यांच्या बागेतले जांभळे प्लम होते, आणि वर चिठ्ठी, यंदा पाऊसच नाही, आंबट निघालेत, आणि कठडा तुमचा परत राहिलाय.