आषाढातली द्राक्षे : लेखनासाठी वाचणाऱ्यांना

चांगले लिहायचे असेल तर भरपूर वाचावे, हा सल्ला तुम्हाला मिळालेला असणार आणि पटलेलाही असणार, म्हणून मी तो पुन्हा देत नाही. सहा वर्षे मीही भरपूर वाचले. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करत असताना दर शनिवारी टिळकपथावरील सार्वजनिक वाचनालयात जाऊन पुस्तके बदलून आणायची, हा माझा नेम होता. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयाने नाशिककरांच्या कितीतरी पिढ्या वाचत्या केल्या आहेत, आणि त्यांतलीच एक आपण आहोत याचा मला अभिमान वाटत असे. तरीही माझे लेखन सुधारत नव्हते. त्याचे कारण कळायला मला एक पडलेली कथा लागली.

ती कथा निफाड तालुक्यातील एका विधवा बागायतदार बाईची होती. शेवटी आषाढातल्या एका रात्री पाऊस कोसळतो, पिकलेले घड चिखलात पडतात आणि ती बाई कंदील घेऊन बांधावर उभी राहते, असा प्रसंग मी मोठ्या मेहनतीने रंगवला होता. पिंपळगाव बसवंतजवळ तीस वर्षे द्राक्षबाग करणाऱ्या माझ्या मामांना मी ती वाचून दाखवली. त्यांनी मला तिथेच थांबवले आणि विचारले, “अगं, आषाढात बागेत माल कुठला?”

ज्यांना बाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, आणि त्या हंगामात वेलीवर फळ घेत नाहीत, फक्त काडी, म्हणजे पुढे फळ देणारी फांदी, तयार करतात. पुढच्या घडाची घडण त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे तिच्यावरच्या अंकुरात, त्याच काळात होते, पण ती बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी झाली की घड बाहेर पडतो आणि माल साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निघतो. म्हणजे आषाढात बागेत पाने असतात, पिकलेला घड नसतो. बागायतदाराच्या पोटात गोळा येतो तो फेब्रुवारी-मार्चमधल्या बेमोसमी पावसाने आणि गारपिटीने, कारण तेव्हा मणी तडकतात आणि हातातोंडाशी आलेला माल जातो.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही, आणि हाच मुद्दा नीट समजून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी नाशिकमध्येच वाढले, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे राहिले, खरड छाटणी डोळ्यांनी पाहिली. तरीही लिहायला बसले तेव्हा माझ्या हाताला मामांची बाग आली नाही, वाचलेल्या कथांमधला पाऊस आला. कथेत संकट येते ते आषाढात, रात्री आणि कंदिलाच्या उजेडात, हे मी इतक्या वेळा वाचले होते की स्वतः पाहिलेले त्याच्याखाली दबून गेले. मी कथा वाचत होते, कादंबऱ्या वाचत होते, कविता वाचत होते आणि या तिन्हींवरची समीक्षा वाचत होते, आणि यालाच चौफेर वाचन समजत होते. प्रत्यक्षात मी एकाच विहिरीचे पाणी वेगवेगळ्या घागरींनी भरत होते. जो फक्त ललित वाचतो तो वस्तू पाहायला शिकत नाही, वस्तूंचे वर्णन कसे करतात एवढेच शिकतो, आणि पुढे त्याच्या लेखनात वर्णनाचे वर्णन उतरते. वाक्ये गोड असतात, त्यामुळे ही चूक लिहिणाऱ्याला तर दिसत नाहीच, त्याच्यासारखेच वाचन असलेल्या मित्रांनाही दिसत नाही. माझ्या कथेचे आधी तिघांनी कौतुक केले होते.

त्यानंतर मी वाचनाची दिशा बदलली. द्राक्ष बागायतदारांसाठी निघणारी मासिके वाचली, गोदावरीच्या पुरांवरचे लेख वाचले, जुनी पाकपुस्तके वाचली, जमिनीच्या वादातले न्यायनिवाडे वाचले. निवाड्यांनी मला सर्वाधिक शिकवले, कारण तिथे एका बांधावरून दोन भाऊ काय काय बोलले ते नोंदलेले असते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातील पेटी एका मैत्रिणीच्या सोसायटीत येत असे, तिचाही मला उपयोग झाला, कारण त्या पेटीतली पुस्तके मी निवडलेली नव्हती. आपली निवड आपल्याला पुन्हा पुन्हा त्याच फडताळापाशी नेते.

वहीबद्दलही सांगायला हवे. आवडलेली वाक्ये उतरवून ठेवू नका. माझ्या अशा चार वह्या भरल्या होत्या आणि त्यांतली वाक्ये थोड्या फरकाने माझ्या कथांमध्ये शिरली होती, हे मला फार उशिरा आणि फार दुःखाने कळले. त्याऐवजी परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे, तो स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहावा. “तो खिन्नपणे उठला” असे मी लिहिले होते आणि लेखकाने “तो उठला, चहा तसाच राहिला” असे लिहिले असेल, तर त्या फरकात महिनाभराचा अभ्यास असतो.

पुस्तकांचे सारांश वाचून वेळ वाचवणे आणि वर्षाला शंभर पुस्तकांचा संकल्प करणे, हे दोन्ही मार्ग मला मनापासून अमान्य आहेत, कारण त्यांत पुस्तक संपवणे हेच उद्दिष्ट होऊन बसते. मार्गदर्शकांविषयीही माझे मत कठोर आहे. तुम्ही काय वाचले आहे, तुमचे घर कोणत्या व्यवसायावर चालते, हे न विचारता जो वीस पुस्तकांची यादी हातात ठेवतो, त्याची यादी घडी घालून ठेवावी.

ज्यांच्या घरी पुस्तके नव्हती, ज्यांनी उशिरा सुरुवात केली, त्यांनी मात्र मुळीच खचू नये. याच जिल्ह्यात जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायवाचायला शिकल्या, आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधले गद्य आजही घरात कोणीतरी बोलत असल्यासारखे ऐकू येते. कान जागा असेल तर तोही वाचनच करत असतो. दिवसाला दहा पाने झाली तरी पुरेशी आहेत, फक्त त्यांतली निदान काही पाने तुमच्या नेहमीच्या आवडीबाहेरची असावीत. महिनोन्महिने काहीही सुधारत नाही असे वाटेल. मलाही वाटले, आणि त्या काळात मी दोनदा लेखन सोडले.

ती कथा मी पुढच्या वर्षी पुन्हा लिहिली. पाऊस मार्चमध्ये आणला, कंदील काढून टाकला आणि ती बाई पहाटे व्यापाऱ्याच्या फोनची वाट पाहत तडकलेले मणी घडातून काढत बसते, एवढेच ठेवले. मामांनी या वेळी मध्ये थांबवले नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, “मग आला का त्या व्यापाऱ्याचा फोन?”