घरात लॅपटॉप एकच आणि त्यातच बिटकॉइन

आम्ही सांगलीच्या गावभागातले. घरात लॅपटॉप एकच. त्यावर माझे हळदीच्या अडत्याचे हिशेब, धाकट्याचे गेम, मामंजींची कीर्तनं आणि ह्यांचं चिमूटभर बिटकॉइन. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्याने कुठला तरी फुकटातला क्रॅक गेम टाकला. आठवड्याने हे पैसे हलवायला बसले. जिथे पाठवायचं तो पत्ता (बँकेच्या खाते क्रमांकासारखी अक्षरं-आकड्यांची लांब ओळ) कॉपी केला, पेस्ट केला. मी शेजारी मेथी निवडत होते, सहज डोकावले तर पेस्ट झालेला पत्ता भलताच! सुरुवातीचं 'बीसी१' तेवढं सारखं, कारण तसले पत्ते सुरूच तिथून होतात. पुढचं सगळं परकं. गेमसोबत आलेला व्हायरस कॉपी केलेल्या पत्त्याजागी चोराचा पत्ता टाकत होता.

असं दिसलं की आधी वायफाय बंद करा. अँटीव्हायरसने 'साफ' म्हटलं म्हणून आम्ही सोडलं नाही. कामाच्या फायली तेवढ्या काढून घेतल्या आणि विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलले. त्यावरच नवं वॉलेट (बिटकॉइन सांभाळायचं ॲप) उघडून पैसे तिकडे नेले. जुन्या वॉलेटचे गुप्त शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, चोराला मिळालेच नसतील, हे कोण सांगणार?

आता लॅपटॉपवर प्रत्येकाचं खातं वेगळं आणि साधं, माझंसुद्धा. ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. काही इन्स्टॉल करायचं तर मला हाक मारायची. धाकटा चार दिवस फुगून बसला होता, बसू दे.

वॉलेटचे १२ शब्द कागदावरच लिहा. फोटो काढू नका. गॅलरीतल्या फोटोंमधून असे शब्द वाचणारे व्हायरस आहेत. आमचा कागद आधी देवघराखालच्या कपाटात होता. पण २०१९ च्या पुरात कृष्णामाई तिथवर आली होती. मग लॅमिनेशनवाल्याकडे न नेता (त्यालाही शब्द दिसतात) पेन्सिलीने दोन प्रती लिहिल्या आणि झिपच्या पिशवीत घातल्या. एक माडीवर, दुसरी कुठे ते नाही सांगणार.

मामंजींच्या फोनला धोका वेगळा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आणि फाईलच्या शेवटी 'एपीके' असलं, तर ती पत्रिका नव्हे, ॲप. त्यांना एवढंच सांगितलंय, पत्रिका उघडल्यावर काही इन्स्टॉल करायला सांगितलं तर लग्नाला जायचं नाही.

बँकेतले पैसे गेले तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, कधी कधी अडवता येतात. बिटकॉइन एकदा गेलं की उलटं फिरवता येत नाही. तक्रार मात्र तिथेच करा. म्हणून हल्ली हे पत्ता मोठ्याने वाचतात, सुरुवात, मधला तुकडा, शेवट, आणि मी दुसऱ्या फोनवर ताडते. आधी थोडेसेच पाठवायचे, पोचले की उरलेले. मेथी तेवढ्यात निवडून होते.