चंद्रावर यान अलगद उतरवा, इंधन न उधळता

यान संगणकावरच उतरवायचं आहे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा चालवता येते आणि न्यूटनचे नियम आठवतात, एवढं धरून चालतो. उंची १००० मीटर, वेग शून्य, चंद्राचं गुरुत्व १.६२, इंजिनाचा पूर्ण जोर ४ (दोन्ही मीटर प्रति सेकंद वर्ग). दर ०.१ सेकंदाला वेग आणि उंची बदलत जा. झालं.

खरी गोम पुढे आहे: इंजिन पेटवायचं कधी? जुळे सोलापुरात संध्याकाळी माझ्याकडे येणारी पोरं हमखास म्हणतात, "सर, पहिल्यापासून हळूहळू उतरवू की." नका! सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीचा ब्रेक दाबताना पेट्रोल जात नाही. इथे ब्रेकच इंधन पितो. हे इंधन मोजायचं ते इंजिनाने वेगात एकूण किती बदल घडवला यावरून. १० च्या वेगाने सावकाश उतरलात तर नुसतं गुरुत्व तोलण्यातच सुमारे १६० मीटर प्रति सेकंदाची पुंजी संपते. उलट ५९५ मीटर दगडासारखं पडू द्या, उरलेल्या ४०५ मीटरांत पूर्ण जोर लावा. ७४ मध्ये भागतं. पाँत्र्यागिन या रशियन गणितज्ञाच्या, सर्वोत्तम नियंत्रण शोधायच्या तत्त्वातून हेच निघतं: आधी इंजिन बंद, मग पूर्ण जोर.

हे वाचून मी हुरळलो आणि कित्येक संध्याकाळी यानं आपटत बसलो. इंजिन फक्त एक सेकंद उशिरा पेटलं, तर यान ताशी ६८ किलोमीटरने जमिनीवर आदळतं. पूर्ण जोर आधीच लावलेला, मग चूक सावरायला उरतं काय? म्हणून "अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

लक्ष्य जमीन नको. ५ मीटर उंचीवर वेग २, असं ठेवा. वेगाच्या वर्गातून ४ वजा करा, त्या ५ मीटरपर्यंतच्या अंतराच्या दुपटीने भागा, १.६२ मिळवा. उत्तर ३.४ झालं की इंजिन पेटवा. पुढे प्रत्येक पायरीला हे गणित नव्याने करा आणि येईल तेवढाच जोर द्या. उरलेला १५ टक्के जोर चुकांसाठी राखीव. यात सुमारे ५ मीटर प्रति सेकंद जादा जातात. जाऊ द्यात, इथे घासाघीस नको.

इंधन जळतं तसं यान हलकं होतं, म्हणून हा जोर न्यूटनमध्ये काढताना त्या क्षणाच्या वस्तुमानाने गुणा.

५ मीटरखाली वेग २ वरच धरून टेका. चांद्रयान-३ चे पाय ३ मीटर प्रति सेकंदापर्यंतचा दणका सोसतील असे केले होते. तेच यान २३ ऑगस्ट २०२३ ला १५० मीटरवर थोडं थांबलं, तेही खाली खड्डा-दगड नाही ना हे पाहायला. त्या थांबण्याचं इंधन त्यांनी आधीच हिशेबात धरलं होतं.