खिडकीची चौकट: ४५ अंशाचा काप

यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट बाहेरून १२०० मिमी हवी असेल, तर तुकडा १२०६ मिमी कापा. वेल्डिंगमध्ये प्रत्येक टोक साधारण ३ मिमी वितळतं. नेमका आकडा आपल्या मशीनवर एक कोपरा जोडून, मोजून ठरवा. ॲल्युमिनियमला कोपरा क्लीटने (आत बसणाऱ्या L आकाराच्या तुकड्याने) जुळतो, तिथे ही वाढ नको.

कोनाची मात्र हयगय नको. ५० मिमी रुंदीच्या प्रोफाइलवर (चौकटीच्या पट्टीवर) अर्धा अंश चुकला, की कोपऱ्यात सुमारे ०.६ मिमी फट पडते, आणि सिलिकॉनने ती लपवणं म्हणजे पुढची गळती. म्हणून आधी दोन टाकाऊ तुकडे कापून गुण्याला लावून बघा.

ॲल्युमिनियमसाठी कार्बाइड दातांचं, निगेटिव्ह रेकचं (दात मागे झुकलेलं) पातं घ्या. कूलंटचा (थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) फवारा नसेल तर चुरा दातांना चिकटतो, कड फाटते. प्रोफाइल दोन्ही बाजूंनी क्लॅम्प करा. पातळ भिंत चेपेल इतकं आवळू नका.