'पा' की 'ऐ'? गावचा तोंडी इतिहास नोंदवताना

कुंडल किंवा येडेमच्छिंद्रला कुणी पत्री सरकारच्या, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याकडं नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या, हकिकती सांगू लागलं, की आधी ठरवायचं: हे यांनी पाहिलं, की ऐकलं? 1943 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीपार आहे. म्हणजे हाती लागतं ते बहुतेक मुला-नातवंडांनी ऐकलेलं. ते टाकाऊ नाही, पण वहीच्या समासात खूण हवी: पाहिलेल्याला 'पा', ऐकलेल्याला 'ऐ', आणि 'ऐ' असेल तर कुणाकडून तेही. कोयनेच्या भूकंपाचे 'पा' अजून पाटण तालुक्यात भरपूर मिळतात. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

"कुठल्या साली?" हा प्रश्न वाया जातो. माणूस अंदाजानं आकडा ठोकून देतो आणि पुढं तोच धरून बसतो. त्यापेक्षा खुंट्या वापरा: 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ, कृष्णाकाठी 2005 चा महापूर. "भूकंपाच्या आधी का मागनं? थोरली लेक तेव्हा रांगत होती का शाळेत जात होती?" वय आधारकार्डावरून घेऊ नका. एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला निघतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली.

"भूकंपाचा अनुभव सांगा" म्हटलं की वर्तमानपत्रातलं उत्तर येतं. "आबा, त्या रात्री कुठं झोपला होता? दार कुठल्या अंगाला होतं? बाहेर आल्यावर आधी कुणाला हाक मारली?" असं विचारलं की घर उभं राहतं. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात दहा आकडे मोजा. खरी गोष्ट बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला सुरू होते.

पारावर मुलाखत घेऊ नये. चौघांत एकाचंच म्हणणं सगळ्यांचं होतं. घरीही शिकलेला नातू आजीच्या तोंडचा घास काढून बोलतो. त्याला चहा आणायला पाठवा. बायकांशी बोलायला शक्यतो बाईनंच जावं, आणि चूल-जात्याजवळ बसावं. जात्यावरच्या ओव्या जरूर घ्या, पण त्यांवरून तारीख काढू नका. जुन्या ओवीत नवं नाव सहज बसतं.

फोन विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. पंखा, टीव्ही बंद. पत्र्याच्या घरात पावसात रेकॉर्डिंग होत नाही, दिवस बदला. एका बैठकीला तास-दीड तास पुरे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट मोनो वेव्ह फाईल तासाला सुमारे 500 एमबी होते, जागा आधी मोकळी करा. उतरवून काढायला एका तासाला पाच-सहा तास धरा, आणि 'व्हतं'चं 'होतं' करू नका.

पडताळणीत जुळत नाही तेच जास्त कामाचं. पत्री सरकार हे नाव कसं पडलं? कुणी सांगतं, खबऱ्याच्या पायाला पत्रे ठोकायचे. कुणी म्हणतं, तळव्यावर फटके द्यायचे, आणि 'प्रति'चंच बोलीत 'पत्री' झालं. निवाड्याची घाई नको. दोन्ही लिहा, आणि सांगणाऱ्याचं घर तेव्हा चळवळीच्या बाजूनं होतं की इंग्रजांच्या, ते शेजारी लिहा. शिक्षा काय होती यापेक्षा नावाची धास्ती कुणाला, किती होती, हे त्यातून कळतं.

कागद शोधताना एक घोळ हमखास होतो: तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर साताऱ्यात होते. 1949 ला दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव नंतरचं. सांगली, मिरज, जत ही तर संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी.

गांधीहत्येनंतरच्या, 1948 च्या जाळपोळीसारखा विषय निघाला की शेजाऱ्यांची नावं येतात, आणि ती घरं अजून शेजारीच असतात. नाव छापायचं का, हे रेकॉर्डर बंद करून पुन्हा एकदा विचारा. सहीचा कागद आणि आवाजाची एक प्रत त्या घरात ठेवून या.