उन्हाळ्यात निळे पडणारे सोन्याचे नॅनोकण

सायट्रेट पद्धतीने (सोन्याच्या संयुगाच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट घालून) केलेलं सोन्याचं कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, लालभडक हवं. नागपुरात मे महिन्यात ते जांभळं व्हायचं, रात्रीतून तळाशी काळा गाळ बसायचा. दोष पाण्यात निघाला, तोही दोन ठिकाणी.

पहिला कंडेन्सरमध्ये, म्हणजे उकळत्या फ्लास्कमधली वाफ गार पाण्याने थंड करून परत पाडणाऱ्या नळीत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की वाफ पुरती परतत नाही. फ्लास्कमधलं द्रावण आटतं, क्षार दाट होतात, कणांभोवतीच्या ऋण प्रभाराचा थर आकसतो आणि कण एकमेकांना चिकटतात. टबात बर्फ टाकून कूलरच्या छोट्या पंपाने तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवलं. एवढ्याने हा दोष गेला.

दुसरा धुण्यात. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काचेवर राहतं आणि तेही कणांना एकमेकांना चिकटवतं. फ्लास्क अम्लराजाने (३ भाग हायड्रोक्लोरिक, १ भाग नायट्रिक, विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, आणि झाकणबंद कधीच ठेवू नका) धुवा, शेवटी विआयनित (क्षार काढलेल्या) पाण्याने खंगाळा.

०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याचं संयुग) १०० मिली द्रावण खळखळून उकळलं की १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली एकदम ओता. थेंबथेंब टाकल्यास कणांचे आकार एकसारखे येत नाहीत. रंग आधी उडतो, मग निळसर, मग लाल. निळसर दिसताच हॉटप्लेट बंद करू नका, १५ मिनिटं उकळू द्या. सुमारे १६ नॅनोमीटरचे कण मिळतात, शोषणशिखर (ज्या तरंगलांबीचा प्रकाश ते सर्वाधिक शोषतात ती) ५२० नॅनोमीटरजवळ.

काचेवर या कणांचा थर रचायचा तर अमिनोसिलेन (कण काचेला धरून ठेवणारं रसायन) लावलेली काच एथेनॉलने भरपूर धुवून ११० अंशांवर तापवा. सुटं सिलेन उरलं की कोलॉइड पुन्हा निळं.