प्रवाळाच्या टाकीत नायट्रेट शून्यावर आणू नका

प्रवाळ फिकट पडू लागले की पाणी घाण झालं असं वाटतं आणि आपण भराभर पाणी बदलत सुटतो. आधी टेस्ट किट काढा. नायट्रेट आणि फॉस्फेट (माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून पाण्यात उतरणारी पोषकद्रव्यं) दोन्ही शून्य दिसत असतील तर प्रवाळ उपाशी आहेत. त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही थोडं खत लागतंच. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असलं की मला निर्धास्त वाटतं. माझ्या टाकीत दोन्ही शून्यावर गेले तेव्हा वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट थर चढला होता. शून्य आलं तर माशांचं खाणं जरा वाढवा.

आकडे चढले असतील तर गोठवलेलं खाणं वितळवून चहाच्या गाळणीत धुऊन मगच घाला. फॉस्फेट शोषणारं माध्यम निम्म्या मात्रेनेच सुरू करा, कारण एकदम घसरलेलं फॉस्फेट प्रवाळांना सोसत नाही.

आणि पावसाळ्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका. मांडवी नदीच्या गढूळ, गोड्या पाण्याने त्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, उतरलेली असते. आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात रीफचं, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचं, मीठ घालून क्षारता 35 पीपीटीला (हजारात 35 भाग) आणा.